ताटाची डावी बाजू

दवाखान्यातून घरी आल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी मी जेवता जेवता बायकोवर ओरडलो. कारण काय, तर चटणी. आमच्या घरात जवसाच्या चटणीशिवाय जेवण झालं असं कुणी धरत नाही, आणि मी तर भाकरीचा पहिला घास चटणीला लावूनच खाणारा माणूस. तीन दिवस ताटात नुसती भाजी, भाकरी, वरण. लिंबाची फोड नाही, कांदा नाही, मीठसुद्धा नाही. मला वाटलं, डॉक्टरनं तिखट-मीठ बंद करायला सांगितलं असेल आणि ही मला न विचारता कारभार चालवतेय. आजारी माणसाला घरातले लोक तान्हं बाळ समजायला लागतात, त्याचा मला मनापासून संताप येतो.

"चटणी कावून वाढीना झालीस?"

"वाढली की."

"कुठं हाय?"

"ताटातच हाय. तीन दिस झालं तुमीच हात लावीना. मला वाटलं माझ्यावर राग धरलाव."

मी म्हणालो, दाखव. तिच्या माहेरी वाढलेलं ताट फिरवत नाहीत, म्हणून ती आधी घुटमळली. मग पुटपुटत तिनं ताट अर्धं फिरवलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर चटणी आली. लिंबू आलं, कांदा आला, मीठ आलं. डावी बाजू सगळी जिथल्या तिथं, कोरडी पडलेली. तेव्हा मला एकच गोष्ट सुचली. मी म्हणालो, "आत्ता ठिवलीस ना? हातचलाखी करतीस व्हय माझ्यासंगं?"

ती रडायला लागली. मी भाकरी मोडली आणि चटणी खाल्ली. मला अजिबात पटलं नव्हतं.

झालं होतं एवढंच की, दुकानात कापड मोजता मोजता माझ्या डाव्या हातातून गज पडला. उचलला, परत पडला. मुलानं अंबाजोगाईला नेलं, तिथं आठ दिवस ठेवून घेतलं. डोक्यातल्या एका नसेत रक्ताची गाठ अडकली होती. हात हळूहळू वळणावर आला, तोंड वाकडं झालं नाही, पाय ओढत नव्हता. भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणायचा, अंगावरून वारं गेलं पण थोडक्यात निभावलं. बायको कपिलधारला पायी जाऊन नवस फेडूनसुद्धा आली. मीही तेच धरून चाललो होतो की निभावलं.

मग रोज काहीतरी. दाढी केली की मुलगा म्हणायचा, आप्पा, डावा गाल राहिला. कपाळाला भस्म लावलं की तीन बोटं अर्ध्या कपाळावरच थांबायची. पूजा करून उठल्यावर बायको गुपचूप पुढं येऊन उरलेलं ओढून द्यायची, आणि ते मला लेकराचं नाक पुसल्यासारखं वाटायचं. पेपर वाचायला घेतला तर एका ओळीचा दुसऱ्या ओळीला पत्ता नाही. मी चार दिवस पेपरवाल्यांना शिव्या दिल्या, की हल्ली पोरं काय लिहितात, वाक्याला शेंडा ना बुडखा. खरं म्हणजे शेंडा होता, बुडखा मी वाचत नव्हतो. प्रत्येक ओळ मी अर्ध्यातून सुरू करत होतो.

चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून चष्मेवाल्याकडं गेलो. भिंतीवरचा तक्ता त्यानं वाचायला लावला. मी प्रत्येक ओळीतली उजवीकडची अक्षरं घडाघडा वाचली, अगदी खालची बारीकसुद्धा. तो हसला. त्याला वाटलं शेट चेष्टा करतायत. म्हणाला, डोळे तर पोरासारखे आहेत. हे मी घरी येऊन सगळ्यांना दोनदा ऐकवलं.

अंबाजोगाईच्या डॉक्टरला परत दाखवलं तेव्हा त्यानं कागदावर एक आडवी रेघ ओढली आणि म्हणाला, मधोमध खूण करा. मी केली. मुलगा म्हणाला, आप्पा, ही तर पार उजव्या टोकाला गेली. डॉक्टर म्हणाला, "डोळे चांगलेच आहेत. डोळा आपलं काम करतो. पण बघणं हे डोळ्याचं काम नाही, डोक्याचं आहे. आपल्याला वाटतं नजर स्थिर आहे, पण ती सारखी उड्या मारत असते, इथून तिथं, तिथून इथं. पुढची उडी कुठं घ्यायची ते मेंदू ठरवतो. तुमच्या मेंदूचा जो भाग डावीकडं उडी घ्यायला सांगायचा, तो गप्प बसलाय."

मी म्हणालो, "डॉक्टर, ह्या उड्या तुमी पुस्तकात वाचल्या. मी त्याच्यावर चाळीस वर्षं पोट भरलंय."

हे काही फुशारकीनं म्हणालो नाही. आमचं साड्यांचं दुकान केजच्या बाजारात वडिलांच्या वेळेपासून आहे. त्यांनी मला गादीवर बसवलं तेव्हा एकच विद्या दिली: गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघू नको, डोळ्याकडं बघ. तोंड म्हणतं भडक आहे, आणखी दाखवा. नजर मात्र दहा साड्यांवरून फिरून परत एकीवरच येते, जराशी टेकते आणि लगेच पळते, दुकानदाराला कळू नये म्हणून. दोनदा आली तर आवडली. तिसऱ्यांदा आली की ती साडी घडी घालून बाजूला ठेवायची आणि म्हणायचं, ही राहू द्या, एका ताईंनी सांगून ठेवलीय. मग ती बाई ती साडी घेतल्याशिवाय उठत नाही. ही युक्ती माझी कधी चुकली नाही. आणि आता तीस-पस्तीस वर्षांचा डॉक्टर मला सांगत होता की नजर कुठं जाते ते तुम्हाला कळत नाही. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

लोक विचारतात, डावीकडं अंधार दिसायचा का? अंधार दिसला असता तर माणूस सावध झाला असता. तुमच्या पाठीमागं आत्ता काय दिसतंय? काळं दिसतंय का? काहीच दिसत नाही, आणि त्याची तुम्हाला खंतही नाही. तसंच होतं ते. मला जेवढं दिसायचं तेवढं पुरेपूर दिसायचं, त्यात भोक नव्हतं. सगळं जग म्हणत होतं तुला दिसत नाही, आणि मला तर सगळं दिसत होतं. अशा माणसानं कुणावर विश्वास ठेवायचा ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

डॉक्टरनं व्यायाम सांगितला. पेपरच्या डाव्या कडेला लाल रेघ ओढायची, आधी ती रेघ शोधायची, मगच ओळ वाचायला सुरुवात करायची. बायकोनं कुंकू कालवून रोज पेपरला रेघा ओढल्या. ही वही लिहितोय तिलाही तिनंच रेघा मारून दिल्यात. पण खरा व्यायाम तिनं स्वतःच्या डोक्यानं काढला. आम्ही लिंगायत, पूजेत इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतो आणि त्याच्यावर नजर लावून बसतो. ती म्हणाली, "नजर लिंगावर ठिवा आन् हात हळूहळू डावीकडं न्या. लिंग कुठं जातंय बगत ऱ्हावा. ते सोडून डोळा कुठं जाईल?" पहिल्या दिवशी हात वीतभर सरकला आणि लिंग दिसेनासं झालं. माझ्याच तळहातावर होतं, त्याचा भार लागत होता, आणि ते नव्हतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरलो. पण ओरडलो तिच्यावरच, की पूजेचा खेळ करू नको.

तरी ती मागं लागली. महिनाभरात हात पार मांडीच्या पलीकडं जायला लागला आणि नजर त्याच्यामागं जायला लागली. ताटातली चटणी मी आपण होऊन शोधायला लागलो. मग मी जाहीर केलं की मी बरा झालो, आणि दुकानात गादीवर बसलो. मुलगा नको म्हणत होता. तो म्हणाला, थोडे दिवस मी दाखवतो, तुम्ही नुसते शेजारी बसा. शेजारी बसायला मी काय उशी आहे? आणि बस्ता होता धारूरच्या दादांच्या मुलीचा.

हे दादा धारूरचे शेतकरी. त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा बस्ता माझ्या वडिलांनी बांधून दिला होता, थोरल्या मुलीचा मी. धाकटीचाही मीच देणार, यात विचारण्यासारखं काय होतं? बस्ता म्हणजे नुसती कापडखरेदी नसते. लग्नाआधी दोन्हीकडचे पाहुणे पहिल्यांदा एकत्र बसतात ते साडीच्या दुकानात. कोण कुणाला आधी विचारतं, कुणाच्या पसंतीला मान मिळतो, हे सगळे टिपून ठेवतात. आमच्या दुकानाची पद्धत अशी की मालकाच्या उजव्या हाताला मुलाकडचे बसवायचे, डाव्या हाताला मुलीकडचे. प्रत्येक साडी आधी इकडं उलगडायची, मग तिकडं. दोन्हीकडच्या बायकांनी पदर हातात घेऊन बघितला की मगच पुढची.

त्या दिवशी मी दादांना दारातच भेटलो, खांद्यावर हात टाकून आत आणलं. त्यांची बायको, थोरली मुलगी, नवरी, भाऊबंद, सगळ्यांना रामराम केला. मग सगळे बसले, नारळ फोडला, पहिल्या साडीला हळद-कुंकू लावलं आणि मी दाखवायला लागलो. माझा मुलगा वर माडीवर पैठण्यांचे खोके काढत होता.

आणि दादा, त्यांची बायको, नवरी, माझ्या मनातून गेले. कसे गेले ते विचारू नका. माझ्या डाव्या हाताला आठ माणसं मांडी घालून बसली होती आणि त्यांची मला आठवणसुद्धा आली नाही. हे लिहिताना मला स्वतःलाच खोटं वाटतं, मग दुसऱ्याला का वाटू नये?

मी उलट खुशीत होतो. नवऱ्या मुलाच्या आईची नजर एका जांभळ्या साडीवर दोनदा आली, तिसऱ्यांदा आली. मी साडी बाजूला ठेवली, ते ठरलेलं वाक्य म्हणालो, आणि त्या बाईनं ती साडी धरूनच ठेवली. मनात म्हणालो, डॉक्टर, या आता बघायला. मधेच एका मुलीचा आवाज आला, "काका, ती मोरपंखी दाखवा की." मी नवऱ्या मुलाच्या बहिणीकडं बघून म्हणालो, "दाखवतो की ताई," आणि मोरपंखी तिच्यापुढं उलगडली. ती चमकली. तोच आवाज परत आला, मी परत तिच्याचपुढं उलगडली. असं तीनदा झालं. आवाज डावीकडून येत होता आणि मला तो उजवीकडून ऐकू येत होता. असंही होतं म्हणे या आजारात. मला तेव्हा एवढंच वाटलं की ही मुलगी फार आढेवेढे घेते.

मग कुणीतरी उठून माझ्यासमोर उभं राहिलं. दादा होते.

"शेट, आमी काय दिसंना झालो का तुमाला?"

मी म्हणालो, "दादा, तुमी कवा उठलाव? बसा की."

"लई बसलो. दीड तास झाला बसून. त्यांचा वाडा मोठा हाय म्हणून आमी काय तुमच्या जोड्यापशी बसावं?"

मुलाकडची मंडळी खरंच तालेवार होती. दादांना तेच वाटलं, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं. मुलगा माडीवरून धावत खाली आला, हात जोडले, आप्पांची तब्येत म्हणून काहीतरी सांगायला लागला. मी त्याला सगळ्यांदेखत गप्प केलं. म्हणालो, माझ्या तब्येतीला काय झालंय? दादा त्यांची माणसं घेऊन निघून गेले. नवरी रडत होती असं मुलानं नंतर सांगितलं. मला ती जाताना दिसलीच नव्हती.

आठ दिवसांत बाजारात बोलणं झालं की शेट माजलाय, गरिबाच्या लेकीला पाठ दाखवतो. मुलगा म्हणाला, आप्पा, हात जोडतो, गादी सोडा. मी म्हणालो, गादी माझी आहे, मी मेल्यावर घे. आम्ही बापलेक चार दिवस एकमेकांशी बोललो नाही. मला गादी हवी होती, बस्स. तिथून उठवलं तर मी घरात बसून काय करणार होतो, कुंकवाच्या रेघा मोजणार होतो?

बायको म्हणाली, धारूरला जाऊन या.

"माफी कशाची मागू? मी काय गुन्हा केलाय?"

"गुन्हा न्हाई केला. पर त्यांचा अपमान तर झालाय न्हवं? चला, मी येते संगं."

शेवटी मी तयार झालो, पण माझ्या मनात माफी नव्हती. दादांना समजावून सांगायचं, बस्ता परत माझ्याकडं आणायचा, आणि गादीवर बसून तो बांधून मुलाला दाखवायचा, असा माझा हिशेब होता. जीपमधून धारूर येईपर्यंत मी वाक्यं जुळवत होतो.

दादांनी या म्हटलं, त्यापलीकडं काही नाही. बायकोला बायकांनी आत नेलं. आम्ही दोघं बैठकीत बसलो. ते जमिनीकडं बघत होते. मी सांगायला लागलो. नस, गाठ, डोळ्याच्या उड्या, आडवी रेघ, ताटातली चटणी, सगळं. ते मान वर करीनात. मधे एकदा म्हणाले, "शेट, चार हातावर बसलो होतो आमी. चार हातावरचं माणूस दिसत न्हाई, आन् लांबच्या फळीवरची साडी दिसती?"

खरं आहे, दिसते. मी म्हणालो, "तवा तसं झालं दादा. आता मी बरा हाय. आता सगळं दिसतंय." आणि पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लागलो. हात कसा मांडीच्या पलीकडं जातो, पेपर कसा वाचतो.

बोलता बोलता लक्षात आलं की दादा आता वर बघतायत. माझ्याकडं नाही, माझ्या बाजूला कुठंतरी. त्यांचा चेहरा लाल झाला. "शेट," ते म्हणाले, "घरी येऊन बी तेच?"

"काय झालं दादा?"

"काय झालं?"

मी गोंधळलो. काही चुकीचं बोललो का? दाराकडं बघितलं, भिंतीवरच्या फोटोंकडं बघितलं, खुंटीवरच्या टोपीकडं बघितलं, परत दादांकडं. काहीच कळेना. दादांनी माझ्या डोळ्यांकडं नीट निरखून बघितलं. मग उठले, माझ्या समोरून पलीकडं गेले आणि कुणाच्या तरी खांद्याला धरून हळूच या बाजूला आणलं.

नवरी होती. हातात ताटली, ताटलीत चहाचा कप.

"कवापासून हुबी हाईस?" दादांनी तिला विचारलं.

"काका पेपराचं सांगत होते तवापासून. दोनदा म्हणलं मी, काका च्या घ्या."

चहावर जाड साय धरली होती. मी कप घेतला. ती हातभर अंतरावर उभी होती, अंगावर पिवळा ड्रेस होता, आणि तिचाच बस्ता परत मागायला मी आलो होतो. दवाखान्यापासून या घडीपर्यंत मी डॉक्टरचं, बायकोचं, मुलाचं सगळ्यांचं ऐकलं होतं आणि एकाचंही खरं मानलं नव्हतं. त्या बैठकीत मानलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दादा माझ्याशेजारी येऊन बसले, उजव्या बाजूला. त्यांचा राग गेलेला मला स्पष्ट दिसला. तो गेला नसता तर बरं झालं असतं असं क्षणभर वाटलं.

"शेट," ते म्हणाले, "बस्ता तुमच्याच दुकानात बांधू. सोयऱ्यांना मी सांगतो. आमच्या मनात काय न्हाई आता."

मी मान हलवली.

"पर एक आयका. गादीवर पोराला बसवा."

मुलगा हेच ओरडून सांगत होता तेव्हा मी त्याच्याशी भांडलो होतो. दादा ओरडले असते तर त्यांच्याशीही भांडलो असतो. ते अगदी हळू बोलले, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून उत्तराची वाट बघत बसले. मी हो म्हणालो.